शिकवणाऱ्याची परीक्षा कोण घेणार?

सातपूर, भोसरी, वाळूज, बुटीबोरी अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत आयटीआयचे निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत सकाळच्या पाळीला एक दृश्य हमखास दिसते. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पाठीला सॅक लावून कारखान्याच्या फाटकाशी उभा असतो. आत गेल्यावर त्याचे कागद तपासले जातात, गळ्यात ओळखपत्र येते, पायात सुरक्षेचे बूट येतात. मग कार्यालयातील कोणीतरी त्याला शॉपवर नेतो आणि एका यंत्राकडे बोट दाखवून सांगतो, “त्या काकांबरोबर राहा. ते काय करतात ते नीट बघ.” त्या मुलाचे औद्योगिक प्रशिक्षण सुरू झाले, अशी नोंद सरकारी दप्तरात होते.

काका आपल्या कामात निष्णात असतात, याविषयी शंका नको. वीस-बावीस वर्षे लेथवर गेलेली. टूलची धार गेली की त्यांना आवाजावरून कळते. मायक्रोमीटर लावण्याआधीच माप कुठे चुकले याचा अंदाज हाताला आलेला असतो. परंतु हे सारे दुसऱ्याला शिकवायचे कसे, हे त्यांना कोणी कधी शिकवलेले नसते. शिकवण्यासाठी वेळही दिलेला नसतो. पाळीचे उद्दिष्ट जेवढे होते तेवढेच राहते, आणि मुलाला समजावण्यात गेलेली दहा मिनिटे काकांच्या खात्यावर वजा पडतात. शिवाय मनात एक भीती असते, ती उघडपणे बोलली जात नाही. आज हाताखाली आलेला हा मुलगा उद्या निम्म्या पगारात याच यंत्रावर उभा राहिला तर?

आता या दृश्यातील एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. लेथवर काम करताना हातमोजे घालायचे नसतात. फिरत्या चकमध्ये मोज्याचे टोक सापडले तर मोज्याबरोबर हात ओढला जातो. काका मोजे घालत नाहीत, सदऱ्याच्या बाह्या दुमडून घेतात, बोटातील अंगठी काढून डब्यात ठेवतात आणि चक आवळून झाल्यावर चावी क्षणभरही चकमध्ये राहू देत नाहीत. इतक्या वर्षांत हे सारे असे अंगवळणी पडलेले असते की, यात सांगण्यासारखे काही आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. मुलाला मात्र एवढेच दिसते की, काका मोजे घालत नाहीत. काका जुने आहेत, त्यांना सवय आहे, आपण नवखे आहोत, आपण घातलेले बरे, असे तो मनाशी ठरवतो. नीट बघ म्हणून सांगितलेल्या मुलाने नीट बघूनच धोका ओढवून घेतलेला असतो.

वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे गमावणाऱ्या कामगारांची कहाणी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून आपल्या वार्षिक अहवालांतून मांडत आली आहे. त्या अपघातांमागे यंत्रांवर संरक्षक साधने नसणे हे मोठे कारण आहे आणि त्याची जबाबदारी मालकावरच आहे. ती कोणा मेस्त्रीच्या माथी मारता येणार नाही. परंतु यंत्र सुरक्षित असो वा नसो, त्यासमोर उभ्या राहणाऱ्या नवख्या हाताला पहिला धडा देणारा माणूस कोण, त्याची अर्हता काय, हा प्रश्न उरतोच. हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. कौशल्य विकासाच्या चर्चेत किती तरुण प्रशिक्षित झाले याचे आकडे असतात, किती केंद्रे उघडली याचे असतात. कारखान्यात प्रत्यक्ष शिकवतो तो या हिशेबात कुठेच नसतो.

अग्निमित्राच्या दरबारातील वाद

ज्याला येते त्याला शिकवताही येते, हा समज जगभर आहे. आपल्या परंपरेने मात्र तो फार पूर्वीच तपासून पाहिलेला आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद विदिशेच्या दरबारात उभा राहतो. निवाडा करण्याचे काम परिव्राजिका कौशिकीकडे येते. ती दोघांना स्वतःची कला दाखवण्यास सांगत नाही. कला अंगी असणे आणि ती दुसऱ्याच्या ठायी उतरवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही ज्याला साधतात तोच आचार्यांत अग्रस्थानी बसवण्याजोगा, अशी तिची भूमिका आहे. आणि म्हणून परीक्षा व्हायची ती शिष्यांच्या प्रयोगावरून. (या सगळ्या खटाटोपामागे मालविकेचे दर्शन घडावे हा राजाचा आणि विदूषकाचा डाव होता, हे खरे. पण त्यामुळे कौशिकीच्या निकषाचे मोल कमी होत नाही.)

हा निकष कलाशाळेला लागू होतो, तसा तो कारखान्यालाही लागू होतो, हे पाश्चात्त्य उद्योगजगताला विसाव्या शतकात युद्धाच्या रेट्यात उमगले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कुशल कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत कधी यंत्र न पाहिलेले स्त्री-पुरुष आले. त्यांना शिकवणार कोण? तेव्हा १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची योजना सुरू झाली. तिने कामगारांना थेट शिकवण्याच्या फंदात न पडता मुकादम आणि सुपरवायझर यांना शिकवायचे कसे ते शिकवले. दोन-दोन तासांची पाच सत्रे, म्हणजे अवघे दहा तास. युद्ध संपेपर्यंत या योजनेतून सोळा लाखांहून अधिक लोकांना प्रमाणपत्रे मिळाली.

त्या दहा तासांत होते तरी काय? चार्ल्स अ‍ॅलन या गृहस्थांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये घडवलेली चार पायऱ्यांची पद्धत. शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतरही लक्ष ठेवणे. वरवर पाहता यात नवे काही नाही. खरी मेख होती ती शिकवण्याआधीच्या गृहपाठात. शिकवणाऱ्याने आपले काम कागदावर उलगडायचे. कामाच्या मुख्य पायऱ्या कोणत्या, आणि प्रत्येक पायरीतील कळीची गोष्ट कोणती. काम बिघडेल की साधेल हे जिच्यावर ठरते, जिच्यामुळे इजा होऊ शकते किंवा जी युक्ती काम सोपे करते, ती कळीची गोष्ट. मग प्रत्येक कळीच्या गोष्टीपुढे तिचे कारण लिहायचे. आपले लेथवरचे काका असा कागद घेऊन बसले असते तर ‘मोजे नाहीत, अंगठी नाही, चावी चकमध्ये नाही’ या तीन ओळी आणि त्यांची कारणे पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्याच लेखणीतून उतरली असती. हाताला माहीत असलेले डोक्याला कळवणे, असे या पद्धतीचे वर्णन करता येईल. शिकणारा शिकला नाही तर शिकवणारा शिकवण्यात कमी पडला, हा तिचा दंडक होता. युद्धानंतर जपानने ती उचलली. टोयोटाच्या कार्यपद्धतीत ती मुरली. जिथे जन्मली त्या अमेरिकेत मात्र युद्ध संपताच सरकारी योजना गुंडाळण्यात आली, हा इतिहासातील एक विनोदच म्हणायचा.

कायदा काय म्हणतो

भारतात याविषयी कायदाच नाही, असे कोणाला वाटेल, तसे नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ साली संमत झाला. त्याच्या अकराव्या कलमात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. मालक स्वतः त्या व्यवसायात अर्हताप्राप्त नसेल तर विहित अर्हता असलेल्या व्यक्तीकडे उमेदवाराच्या प्रशिक्षणाची सूत्रे द्यावीत, पुरेसा आणि अर्हताप्राप्त प्रशिक्षकवर्ग ठेवावा, असे तेथे स्पष्टपणे म्हटले आहे. अठरावे कलम शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे बजावते. दोन्ही कलमे एकत्र वाचली की कायद्याचा हेतू ध्यानात येतो. उमेदवाराला कामगाराचे हक्क नाकारले आहेत ते एका मोबदल्यात. त्याला शिकवले जाईल, आणि शिकवण्यास पात्र असलेल्या माणसाकडून शिकवले जाईल. हा मोबदला दिला गेला नाही तर उरते काय? कमी पैशांत राबणारा एक मुलगा.

मात्र या कायद्यातील अर्हता मुख्यतः व्यवसायातील प्रमाणपत्र, पदविका आणि अनुभवाच्या वर्षांत मोजली जाते. फिटरला शिकवणारा चांगला फिटर असावा, एवढीच तिची अपेक्षा आहे. शिकवण्याची कला त्याला अवगत आहे काय, हे पाहण्याची तजवीज नाही. म्हणजे कौशिकीच्या दोन कसोट्यांपैकी एकच कायद्याने घेतली, आणि तीही बहुतांशी कागदावर राहिली.

२०१४ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तुरुंगवासाची तरतूद जाऊन दंड आला, उद्योगांना स्वतःच अभ्यासक्रम आखता येतील असे ‘ऐच्छिक व्यवसाय’ आले. २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली आणि विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दरमहा १५०० रुपये, इतका भार केंद्र सरकारने उचलला. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले. ही पावले योग्य दिशेची होती. भारतासारख्या तरुण देशात शिकाऊ उमेदवारांची संख्या अगदीच तोकडी होती, ती वाढणे आवश्यकच होते. परंतु टक्केवारी उमेदवारांची ठरली, दंड उमेदवार कमी पडल्याबद्दलचा ठरला, सरकारी पैसा उमेदवारामागे मोजला गेला. ज्याच्या हाताखाली हे उमेदवार जाणार, त्याच्यासाठी या साऱ्यात एक छदामही नाही आणि एक अटही नाही.

शिकवणाऱ्यांना शिकवण्याची व्यवस्था देशात मुळीच नाही, असेही म्हणता येणार नाही. निदेशकांना घडवणारी पहिली संस्था १९४८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी सुरू झाली, याचे कौतुक केले पाहिजे. साठच्या दशकात लुधियाना, कानपूर, हावडा, मुंबई, चेन्नई आणि हैदराबाद येथे केंद्रीय संस्था उभ्या राहिल्या. आज त्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखल्या जातात. तेथे शिल्पनिदेशकांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो आणि त्यात व्यवसायाबरोबर अध्यापनाची पद्धतीही शिकवली जाते. पण हा सारा संसार आयटीआयमधील निदेशकांसाठी. त्यांच्यातही हे प्रमाणपत्र नसलेलेच अधिक, ही गोष्ट वेगळीच. आयटीआयच्या फाटकाबाहेर पडून कारखान्याच्या फाटकात शिरलेल्या मुलाला शिकवणाऱ्यासाठी कोणतीही संस्था नाही.

दुसऱ्या टोकाला प्रशिक्षकांचा नुसता सुळसुळाट आहे. टाय बांधून, पडद्यावर चित्रे दाखवत दोन दिवसांत ‘व्यक्तिमत्त्व’ घडवून देणाऱ्यांची शहरांत वाण नाही. कोणीही कोणालाही ‘मास्टर ट्रेनर’ असे प्रमाणपत्र द्यावे आणि घेणाऱ्याने ते भिंतीवर टांगावे, असा एक बाजारच उभा राहिला आहे. राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यात प्रशिक्षक आणि मूल्यमापक या कामांसाठीही मानके ठरलेली आहेत. कौशल्य केंद्रांमधील प्रशिक्षकांसाठी काही दिवसांची शिबिरे होतात. पण तीही केंद्रांपुरती. लेथवरच्या काकांपर्यंत त्यांतले काहीच पोहोचत नाही.

जर्मनीने सहा वर्षांत काय शिकले

या विषयात जर्मनीचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. सुमारे ३२५ मान्यताप्राप्त व्यवसायांत तेथील तरुण कारखाना आणि व्यवसायशाळा अशा दुहेरी व्यवस्थेत शिकतात, हे आपल्याकडील कौशल्यविषयक भाषणांत नेहमी सांगितले जाते. त्या व्यवस्थेचा कणा सहसा सांगितला जात नाही. १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याने कारखान्यातील प्रशिक्षक हा व्यक्ती म्हणून आणि व्यावसायिक म्हणून, अशा दोन्ही अर्थांनी पात्र असला पाहिजे, असे ठरवले. १९७२ मध्ये प्रशिक्षकांच्या पात्रतेचा स्वतंत्र नियम आला. त्यानुसार उमेदवार घेणाऱ्या आस्थापनेत निदान एक जबाबदार व्यक्ती परीक्षा उत्तीर्ण झालेली हवी. लेखी परीक्षा तीन तासांची. प्रात्यक्षिक अर्ध्या तासाचे, त्यात उमेदवाराला एखादे काम शिकवण्याचा प्रसंग परीक्षकांसमोर सादर करायचा आणि हीच पद्धत का निवडली याची उत्तरे द्यायची. कारागिरांच्या ‘माइस्टर’ पदवीत तर अध्यापनाचा हा भाग चौथा विभाग म्हणून अंतर्भूतच आहे. ज्याला शिकवता येत नाही तो तेथे उस्ताद म्हणवून घेऊ शकत नाही.

ही परीक्षा म्हणजे उद्योगांच्या मार्गातील अडथळा आहे, असे म्हणणारे जर्मनीतही होते. २००३ च्या सुमारास तेथे उमेदवारीच्या जागा कमी पडू लागल्या. नियम शिथिल केला तर लहान कंपन्या पुढे येतील, या आशेने सरकारने १ ऑगस्ट २००३ पासून तो स्थगित केला. असा प्रयोग सहसा कोणत्या देशाला करून पाहता येत नाही; जर्मनीने तो सहा वर्षे केला. तेथील केंद्रीय व्यवसायशिक्षण संस्थेने परिणामांचा अभ्यास केला, तेव्हा जागांमध्ये अपेक्षेइतकी वाढ झालेली दिसली नाही. उलट अर्हताप्राप्त प्रशिक्षक नसलेल्या आस्थापनांतून उमेदवारांनी प्रशिक्षण मध्येच सोडण्याचे प्रमाण अधिक आढळले. प्रशिक्षणाच्या दर्जाबद्दल चेंबर्सकडूनही तक्रारी आल्या. १ ऑगस्ट २००९ रोजी नियम सुधारित स्वरूपात पुन्हा लागू झाला. अर्हतेची अट काढल्याने संधी वाढतात, या युक्तिवादाला याहून स्वच्छ उत्तर मिळणे कठीण.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी आता थेट संबंध आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांचे उद्दिष्ट ठेवले गेले. जाणाऱ्यांसाठी जर्मन भाषेची तयारी करून घेण्याचे ठरले, ते आवश्यकच होते. पण तेथे गेलेल्या आपल्या इलेक्ट्रिशियनला पुढे एखाद्या नवशिक्याची जबाबदारी घ्यायची झाली, तर तेथील मालक त्याला प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसवील. तोच मुलगा चाकणला राहिला असता तर दुसऱ्याच वर्षी त्याच्या हाताखाली चार उमेदवार देऊन कोणी विचारलेही नसते.

“आमच्या बापाने कुठे प्रमाणपत्र घेतले होते?”

हा प्रश्न कारखान्यातील जुनी माणसे विचारतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. लोहाराचा मुलगा भात्याशी बसून लोहार झाला, सुताराचा रंधा धरून सुतार झाला. कोणी परीक्षा घेतली नाही आणि देशातील मंदिरे, वाडे, गलबते उभी राहिली. हे सत्य आहे. केंद्राच्या सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी गुरु-शिष्य परंपरेचा मुद्दाम उल्लेख आहे, तो याच सत्याच्या आधाराने.

परंतु त्या परंपरेचे बळ कशात होते, हे पाहिले पाहिजे. लोहाराच्या मुलाला शिकण्यासाठी दहा-बारा वर्षे होती. चूक झाली तर ती बापाच्या नजरेसमोर होत होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलगा तरबेज होण्यातच बापाचे हित होते. म्हातारपणी भाता तोच चालवणार होता. कारखान्यातील उमेदवाराला वर्षभराचा अवधी असतो, शिकवणारा पाळीगणिक बदलतो आणि त्याचे हित उमेदवार न शिकण्यात आहे, असे त्याला वाटण्यासारखी परिस्थिती आपण निर्माण केली आहे. गुरु-शिष्याचे नाते नाहीसे करायचे आणि परंपरेचा दाखला मात्र द्यायचा, हे बरोबर नाही. जे नाते आपोआप जपले जात होते ते आता व्यवस्थेने जपले पाहिजे.

म्हणून अर्हतेची मागणी म्हणजे चौथी-सातवी शिकलेल्या मेस्त्रीला परीक्षेच्या हॉलमध्ये बसवून अपमानित करण्याची मागणी होता कामा नये. तसे झाले तर पदवीधर मुले वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरे पाठ करून प्रशिक्षक होतील आणि ज्यांच्या हातात खरे कसब आहे ती माणसे बाजूला पडतील. हा धोका काल्पनिक नाही. आपल्याकडे प्रमाणपत्राचे असे प्रकार पुष्कळ झाले आहेत. परीक्षा घ्यायची ती शॉपवर, यंत्रापुढे, मराठीत. समोर एक नवखा मुलगा उभा करायचा, मेस्त्रीने त्याला एक काम शिकवायचे आणि अर्ध्या तासाने तो मुलगा ते काम सुरक्षितपणे करतो की नाही, हे परीक्षकांनी पाहायचे. अग्निमित्राच्या दरबारात झाली तीच परीक्षा. जो उत्तीर्ण होईल त्याला ‘प्रशिक्षक’ हे पद मिळावे, पगारपत्रकात दिसेल असा भत्ता मिळावा आणि शिकवण्याचा तास त्याच्या उत्पादनाच्या हिशेबातून वगळला जावा. या शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर पहिलीला अर्थ नाही. भत्त्यावाचून पद दिले तर काका ते हसून बाजूला ठेवतील, आणि त्यांचे काही चुकणार नाही.

लहान कारखानदाराचीही एक बाजू आहे. सात-आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालकच सकाळी यंत्र चालवतो, दुपारी बँकेत जातो आणि संध्याकाळी जीएसटीचे कागद पाहतो. त्याच्यावर आणखी एक सक्ती लादणे अन्यायाचे होईल. त्यासाठी औद्योगिक वसाहतीतील संघटनांनी वसाहतीपुरते दोन-चार अर्हताप्राप्त प्रशिक्षक सामायिक ठेवावेत आणि केंद्राच्या प्रोत्साहन निधीतील काही वाटा त्यांच्याकडे वळवावा, हा मार्ग व्यवहार्य आहे. जर्मनीतही प्रत्येक शिकवणाऱ्या कामगाराला परीक्षा नाही. एका जबाबदार माणसाला आहे.

नागपुरातच होता नमुना

हे सारे नव्याने उभारावे लागेल, असेही नाही. १९५८ मध्ये केंद्र सरकारने कामगार शिक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले, त्याचे मुख्यालय नागपूरला. त्याची रचना तीन पायऱ्यांची होती. मंडळाने शिक्षणाधिकारी तयार करायचे, त्यांनी कारखान्यातील निवडक कामगारांना कामगार-शिक्षक म्हणून घडवायचे आणि त्या कामगार-शिक्षकांनी परत आपल्या कारखान्यात जाऊन सहकाऱ्यांचे वर्ग घ्यायचे. विषय होता कामगारांचे हक्क, कर्तव्ये आणि संघटना. यंत्रावरचे कसब नव्हे. पण कामगारालाच शिक्षक करायचे, त्याला आधी शिकवण्याची रीत द्यायची आणि त्याच्याच भाषेत, त्याच्याच कारखान्यात वर्ग भरवायचे, ही कल्पना त्यात पूर्णपणे होती. कामगार चळवळीत मुरलेल्या कार्यकर्त्यांच्या एका पिढीला या वर्गांची आठवण आहे. या मंडळाला पुढे दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव देण्यात आले. ज्या द्रष्ट्याने कामगाराला उत्पादनाचे साधन मानण्यास आयुष्यभर विरोध केला, त्याचे नाव धारण करणाऱ्या मंडळाने शॉपवरच्या प्रशिक्षकाची अर्हता हा विषय हाती घेतला तर ते त्या नावाला शोभेलच. कामगार संघटनांनीही वेतनकरारात बोनस आणि महागाई भत्त्याच्या जोडीला प्रशिक्षक भत्त्याचे एक कलम मागावे. त्याने मेस्त्रीच्या मनातील भीतीही कमी होईल, कारण शिकवणारा माणूस कारखान्याला हवासा होतो.

राज्य सरकारपुढेही एक ताजा अनुभव आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांचा कालावधी पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आला. हेतू चांगला होता. घरी बसलेल्या हजारो मुलामुलींना कार्यालयाची, कामाच्या शिस्तीची ओळख झाली, घरात चार पैसे आले. पण नाव कार्यप्रशिक्षण असताना या तरुणांना कार्य मिळाले आणि प्रशिक्षण राहून गेले, असेच अनेक ठिकाणी घडले. शाळेत गेलेला मुलगा रिकाम्या वर्गावर उभा राहिला, पंचायतीत गेलेली मुलगी दाखले टंकित करू लागली. त्यांना काय शिकवायचे आणि कोणी शिकवायचे, हे त्या त्या कार्यालयावर सोपवलेले होते, आणि कार्यालयात ज्याच्याकडे ते आले त्याला ‘आणखी एक हात मिळाला’ एवढेच समजले. कालावधी संपल्यावर या तरुणांनी कायम करण्याची मागणी केली, तीत नवल काय? शिकायला आलेल्याला आपण काही शिकलो असे वाटले असते, तर तो ते घेऊन दुसरीकडे गेला असता. काम करायला आलेल्याने काम मागितले.

याच ठिकाणी एक लहानसा बदल लगेच करता येईल आणि त्याला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक शिकाऊ उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकावर आजही बंधनकारक आहे. त्या नोंदवहीत शिकवणाऱ्याचे नाव, त्याने शिकवण्याचे प्रशिक्षण कधी आणि कोठे घेतले याचा तपशील आणि आठवड्याला त्याची सही, असे तीन रकाने छापावेत. शिकाऊ उमेदवारी सल्लागार तपासणीला येतील तेव्हा उमेदवारांची डोकी मोजण्याआधी त्यांनी हे रकाने पाहावेत. आज अनेक वह्यांत वर्षभराच्या सह्या अखेरच्या आठवड्यात, एकाच पेनाने झालेल्या सापडतात.